जानेवारीच्या शेवटी कोल्हापूर-सांगलीकडे चार दिवस आहे, खेड्यातले फोटो काढायला नेमकं जायचं कुठं?

वऱ्हाडी_ठोकळा

नमस्कार राजेहो. मी अकोल्याचा, नोकरीला पुण्यात. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मेव्हणीचं लग्न आहे इचलकरंजीजवळच्या एका गावात, त्यामुळे जायचं तर आहेच, आणि लग्नाचे दोन दिवस सोडले तर माझ्या हातात चार दिवस मोकळे आहेत. बायकोने परवानगी दिली आहे (तोंडी, लेखी मागितली नाही). कॅमेरा साधाच आहे, क्रॉप सेन्सरवाला, कीट लेन्स, एक पन्नास एमएम आणि एक जुनी टेली. टू व्हीलर मेव्हण्याची मिळेल.

मला खेड्यातलं रोजचं काही काढायचं आहे. देवळं, किल्ले, रंकाळ्यावरचा सूर्यास्त हे नको, ते सगळ्यांनी काढून झालंय. आमच्याकडे असतो तर मला कोणाला विचारावं लागलं नसतं, कापूस वेचणी कधी, जिनिंगवर गाड्यांची रांग कधी लागते, पोळ्याला कोणत्या गावात बैल चांगले सजवतात हे सगळं पाठ आहे. पण तिकडं मला काईच माहीत नाही. मागच्या वर्षी कोकणात असंच झालं, नेटवरून "बघण्यासारखी ठिकाणं" अशी यादी काढून नेली, दोन दिवस नुसती गाडी पळवली आणि घरी येऊन कार्ड उघडलं तर काय, समुद्र, समुद्र, सूर्यास्त आणि एक कोंबडा. कोंबडा बरा होता.

तर प्रश्न दोन. एक, त्या भागात त्या दिवसात काय चालू असतं? दोन, अनोळखी गावात कॅमेरा घेऊन शिरायचं कसं, मला फार अवघडल्यासारखं होतं, लोक बघायला लागले की मी लेन्स कॅप लावून चहा प्यायला जातो.

---

उंबरठा

सर्च करा की आधी. या विषयावर आधी चार धागे निघालेत.

---

पंचगंगाकाठ

उंबरठा भावा, ते चारही धागे मी वाचलेत, तिन्हीत पन्हाळा आणि चौथ्यात तांबडा-पांढरा आहे.

ठोकळे साहेब, तुम्ही नशीबवान आहात, जानेवारी म्हणजे आमच्याकडं नुसता ऊस. ऊसतोड जोरात, कारखाने जोरात आणि गुऱ्हाळंबी पेटलेली. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं पण गुऱ्हाळं मात्र वर्षाला कमीच होत चालल्यात, कारण कारखान्याला ऊस घातला की डोक्याला ताप नाही, आणि गुऱ्हाळावर माणसं मिळत नाहीत. तेव्हा जे आहे ते काढून घ्या. करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरी कुठल्याबी बाजूला जावा, सकाळी सातला रस्त्यावरनं बघत जायचं, शिवारात जिथं पांढरा धूर वर चाललाय आणि वास गोड येतोय तिथं गाडी वळवायची. पत्ता विचारायची गरजच नाही, नाकानं जायचं.

आणि आत गेल्यावर "फोटो काढू का" हे पहिलं वाक्य नको. पहिलं वाक्य "मामा, आदण कधी उतरणार?" हे. एवढं विचारलं की समोरचा समजतो की ह्याला काहीतरी कळतंय, आणि मग तोच सांगत बसतो. एक आदण म्हणजे एकदा काहिलीत (मोठ्या कढईत) ओतलेला रस, ते उतरायला दोन-तीन तास जातात. चुलवाणात जाळायला चिपाड, म्हणजे रस काढून राहिलेला वाळका ऊस, ते एक माणूस सारखा आत ढकलत असतो, त्याच्या तोंडावर जो उजेड पडतो तो तुम्हाला कुठल्या स्टुडिओत मिळणार नाही. रस तापला की वर मळी येते, ती काढायची, त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, त्यानं घाण वर येते आणि गूळ साफ होतो. पण खरा मालक गुळव्या. पाक झाला का नाही हे त्यानं ठरवायचं. तो थेंबभर पाक गार पाण्यात टाकतो आणि बोटानं त्याची गोळी होते का बघतो. तो क्षण पाच सेकंदाचा असतोय, त्याच्या आधी तयार राहायचं. एकदा त्यानं हात वर केला की मग गडबड, काहील उचलून वाफ्यात, म्हणजे पाक गार करायच्या हौदात, पाक ओततात, वाफ अशी उठते की समोरचा माणूस दिसत नाही. मग घोटून साच्यात भरायचं, दहा किलोच्या नाहीतर तीस किलोच्या ढेपा.

दुसऱ्या दिवशी त्याच ढेपा कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डात सौद्याला. तिथंबी जावा. रांगेत मांडलेल्या ढेपा, व्यापारी फोडून बघत फिरतात, जिभेवर ठेवतात, बोली चालू.

आणि एक फुकटची आयडिया देतो जी कुठल्या यादीत नसते. दूध संस्था. आमच्याकडं गावागावात आहे, एकेका गावात तीन-तीन आहेत कारण राजकारण. सकाळी साधारण सहानंतर आणि संध्याकाळी दिवेलागणीला सगळं गाव किटल्या घेऊन तिथं येतंय. पोरं, म्हाताऱ्या, मफलर गुंडाळलेले आण्णा, शाळेच्या ड्रेसमधल्या मुली, सगळे रांगेत. फॅट किती लागली यावरनं रोज भांडण. तासाभरात अख्खं गाव समोरनं जातंय, तुम्हाला कुठं हिंडायलाच नको, भिंतीला टेकून उभं राहायचं.

---

जुना_रोल

पंचगंगाकाठ यांनी जे सांगितलं त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कुणाच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही, ते म्हणजे आदण कधी उतरणार. मी फिल्मच्या काळापासून असा अनोळखी भागात फिरतोय आणि माझा अनुभव असा की "इथं बघण्यासारखं काय आहे?" असं विचारलं की लोक देऊळ दाखवतात, कारण त्यांच्या मते पाहुण्याने देऊळच बघायचं असतं. त्यांचं स्वतःचं काम बघण्यासारखं आहे असं त्यांना कधी वाटलेलंच नसतं. म्हणून मी विचारतो, "सध्या शेतात काय चाललंय?" हा प्रश्न एसटी स्टँडवरच्या चहावाल्याला विचारायचा, कंडक्टरला विचारायचा, खताच्या दुकानात विचारायचा. खताच्या दुकानदाराला अख्ख्या तालुक्याचं माहीत असतं, कोणाच्या रानात काय आहे, कधी निघणार आहे, मजूर आले की नाही. मी तर नव्या गावात गेलो की पहिला फोटो काढण्याआधी कटिंग करून घेतो. दाढी-कटिंगच्या अर्ध्या तासात जे कळतं ते गूगलला दोन जन्मात कळणार नाही, आणि शिवाय दुकानात बसलेली चार माणसं नंतर गावभर सांगतात की तो कॅमेरावाला अमक्याचा पाहुणा आहे, बरा आहे.

आणि तुम्ही तर लग्नाला चालला आहात! याहून चांगली ओळख काय पाहिजे. अनोळखी गावात "तुम्ही कोण" याचं उत्तर "फोटोग्राफर" असं दिलं की वातावरण ताठ होतं, "अमक्यांचा जावई" म्हटलं की लगेच खुर्ची येते. लग्नाच्या पहिल्याच दिवशी मांडवात चार वडीलधारी माणसं गाठा आणि विचारा, तुमचा ऊस गेला का. बास. तिथून पुढचे चार दिवस तुम्हाला जेवायलासुद्धा वेळ मिळणार नाही.

गुऱ्हाळाबद्दल तांत्रिक सांगतो, कारण मी तिथं एकदा अख्खा रोल घालवला आहे. सकाळच्या थंडीतून एकदम काहिलीजवळ गेलात की लेन्सवर वाफ बसते आणि दहा मिनिटं काहीच दिसत नाही, तेव्हा कॅमेरा बॅगेबाहेर काढून आधी शेडच्या कडेला थोडा वेळ गरम होऊ द्या. ती वाफ गोड असते, सुकली की काचेवर चिकट थर राहतो, तो कोरड्या कापडाने घासू नका, साधा फिल्टर लावून ठेवा आणि नंतर ओलसर कापडाने फिल्टर पुसा. पांढरी वाफ आणि काळं शेड एकत्र आलं की ऑटो एक्स्पोजर गोंधळतं, मी जाळाच्या उजेडावर मोजतो आणि बाकीचं काळं राहिलं तर राहू देतो. उजेड मागून येईल अशा बाजूला उभे राहा, वाफ समोरून सपाट दिसते, मागून उजेड आला की तिला आकार येतो. पन्नास एमएम पुरेल. टेली घरी ठेवा. टेली लावून लांबून माणसं टिपणं हे मला शिकारीसारखं वाटतं, पण हे माझं मत, भांडायला येऊ नका.

हो, आणि काहिलीच्या काठावर पाय सांभाळून. उकळता पाक अंगावर पडला तर पाण्यासारखा वाहून जात नाही, चिकटून बसतो. फ्रेमच्या नादात मागे सरकत सरकत चुलवाणात गेलेला माणूस मी पाहिलेला नाही पण पायताण गेलेलं पाहिलं आहे. माझंच होतं.

---

मेंढकाची_काठी

सगळे कोल्हापूर कोल्हापूर करताय, सांगली जिल्ह्याचा अर्धा भाग दुष्काळी आहे ते विसरला काय. आमच्या आटपाडी-जत बाजूला या की जरा. सांगलीपासनं दोन तास. ऊसाची हिरवी भिंत संपते आणि एकदम माळ लागतो, आभाळ दुप्पट होतं.

शनिवार साधता आला तर आटपाडीचा बाजार चुकवू नका, शेळ्यामेंढ्यांचा बाजार आहे, दिवस उजाडायच्या आत भरतो आणि उन्हं वर आली की उठतो, म्हणजे नऊला उठून आलात तर लेंड्यांचा फोटो काढा फक्त. तिथं माडग्याळ मेंढी बघा, जत तालुक्यातली जात आहे, राघूच्या चोचीसारखं बाकदार नाक, चांगल्या नाकाच्या बकऱ्याची किंमत ऐकून तुम्हाला कॅमेरा स्वस्त वाटंल. आणि जनावरांच्या बाजारात एक गोष्ट बघायची, ती म्हणजे टॉवेल. जुने व्यापारी तोंडानं भाव बोलत नाहीत, दोघांचे हात एका टॉवेलाखाली आणि आत बोटं दाबून सौदा चाललेला, चेहरे मात्र असे जसं काय घडतच नाही. आता मोबाईलमुळं कमी झालंय पण म्हातारे अजून करतात. हाताचा क्लोजअप काढायच्या मागं लागू नका, दोघांची तोंडं आणि मधी टॉवेल, फोटो तोच.

पौष महिना असला तर खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा बघा, खिलार जनावरांसाठी नाव आहे तिचं, पांढरीशुभ्र खोंडं, शिंगं मागं वळून तलवारीसारखी. तिकडं कराडजवळ पालीला खंडोबाची यात्राबी पौषातच असते, देवाचं लग्न असतं, आणि भंडारा इतका उधळतात की माणसं, झाडं, रस्ता सगळं पिवळं. कॅमेऱ्याला प्लास्टिक गुंडाळा, भंडारा एकदा आत गेला की निघत नाही. तारखा दरवर्षी बदलतात, जानेवारीअखेर पौष असेल का माघ ते भिंतीवरचं कॅलेंडर उघडून बघा, नेटवरच्या तारखेवर जाऊ नका.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच. आमच्याकडची मेंढरं जानेवारीत आमच्याकडं नसतातच मुळी. दिवाळीनंतर वाडे, म्हणजे मेंढरांचे कळप बिऱ्हाडासकट, निघतात पाणी-चाऱ्याच्या मुलखात, म्हणजे तुमच्या त्याच ऊसपट्ट्यात. तेव्हा इचलकरंजीच्या आसपास तुम्हाला मोकळ्या रानात वाडा बसलेला दिसंल. शेतकरी मेंढरं बसवून घेतो, रात्रभर कळप त्या रानात, लेंडी-मुताचं खत मिळतं आणि त्या बदल्यात मेंढक्याला धान्य नाहीतर पैसे. सकाळी सूर्य उगवायच्या वेळंला तिथं पोचा. रात्रभर कोकरं वेगळी कोंडलेली असतात, ती सोडली की एकदम शंभर-दीडशे कोकरं आयांकडं पळतात, प्रत्येक आई आपलंच पोर हुंगून घेते, दुसऱ्याचं आलं की ढकलते, असा कालवा होतो की कान बधिर. धुरळा आणि मागून कोवळं ऊन. बिऱ्हाड हलत असंल तर घोड्यावर भांडी, अंथरूण, त्याच्यावर कोंबडी आणि पिशवीतनं तोंड काढलेलं कोकरू.

कुत्री मात्र सांभाळा. लांब उभं राहून हाळी द्यायची, आतनं कोणीतरी बाई कुत्र्याला हाड म्हणंपर्यंत एक पाऊल पुढं टाकायचं नाही. हे मी काय अनुभवावर सांगतोय ते पँट बघून कळंल.

---

आजीची_नात

मी पण एक सांगते, थोडं वेगळ्या बाजूचं. मी शिरोळ तालुक्यातली. माझी आजी वाडं गोळा करायला जायची, वाडं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा, म्हशींना घालतात. एक दिवस रस्त्यावर कुणीतरी गाडी थांबवून तिचा डोक्यावर बिंडा घेतलेला फोटो काढला. ती काही बोलली नाही, तिला वाटलं रस्त्याचं माप घेतायत. दोन वर्षांनी माझ्या मामेभावाच्या ऑफिसात एका कंपनीचं कॅलेंडर आलं आणि त्यात आमची आजी, खाली काहीतरी गरिबी आणि जिद्द असं लिहिलेलं. आमची चार एकर बागायत आहे हो! सहा म्हशी होत्या तेव्हा. आजीला फोटो दाखवला तर ती गरिबीवर चिडली नाही, ती म्हणाली, "आगं फाटकं लुगडं होतं की गं त्या दिवशी, रानातलं. सांगितलं असतं तर चांगलं नेसलो असतो."

ती गेली आता. घरात तिचा तेवढा एकच चांगला फोटो आहे, तो पण कॅलेंडरवरून फोटो मारलेला, तारखांचे चौकोन दिसतात खाली.

तेव्हा काढा फोटो, नको कोण म्हणतंय, पण नाव विचारा आणि फोटो पाठवा. व्हॉट्सॅपवर पाठवतो म्हणून सगळेच सांगतात, घरी गेल्यावर विसरतात. आणि सुरकुत्या सुरकुत्या किती काढाल, आमच्या गावात तरुण माणसं पण राहतात, ट्रॅक्टरवर गाणी लावून फिरतात, ब्युटी पार्लर आहे, जिम आहे, तालमीत पहाटे पोरं लाल मातीत घाम गाळतात. ते पण खेडंच आहे.

---

जुना_रोल

आजीची_नात, पटलं. सुरकुत्यांचे तीनशे फोटो माझ्याकडे आहेत, त्यातल्या नावांचे दहासुद्धा नाहीत. गप्प बसतो.

---

केनयार्ड

पैशाचं कोणी बोललं नाही अजून. माझं मत, खिशातून नोट काढून देऊ नका, एकदा सवय लागली की पुढचा फोटोवाला गेला की पोरं हात पसरतात. गुऱ्हाळावर गेलात तर गूळ विकत घ्या, काकवी घ्या, रस फुकट पाजतील पण विकत घेऊन या. मेंढक्याला चहा-साखर न्या.

---

मुकादमाचं_पोरगं

केनयार्ड, तुमचं अर्धं बरोबर. मी बीडचा, माझे आईवडील पंधरा वर्षं तुमच्याकडं ऊस तोडायला येत होते, मी त्या कोपीत (तोडणीवाल्यांच्या झोपडीत) वाढलोय म्हणून बोलतो. तोडणी टनावर असते, रोजावर नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, दिवाळीच्या आधी उचल घेतलेली असते आणि ती फेडायची असते. अशा बाईला तुम्ही "ताई जरा इकडं बघा, मोळी परत उचला, अजून एकदा" असं पंधरा मिनिटं केलंत तर तिचा तेवढा ऊस तोडायचा राहिला, तो अंधारात तोडावा लागतो. काम थांबवायला लावलं तर पैसे द्या, सरळ हिशोबानं द्या, भीक म्हणून नाही. नाहीतर काम चालू असताना काढा, कोणी काही म्हणत नाही. मुकादमाला आधी विचारा, त्याला डावलून फडात शिरला की त्याला वाटतं तुम्ही पत्रकार आहात.

आणि कोपीत डोकावून काढू नका. सकाळी चारला उठून भाकरी करणारी बाई, अंघोळीला आडोसा म्हणून साडी लावलेली, तिथं कॅमेरा नको. संध्याकाळी बोलावलं तर जा, बसा, जेवा. त्या वेळी पोरांचे काढा, पोरांना लय हौस असते.

फोटोच पाहिजे असेल तर पहाटे कारखान्याच्या रस्त्यावर उभे राहा, बैलगाड्यांची रांग असते, धुक्यात बैलांच्या तोंडातनं वाफा, गाडीवान उसावरच घोंगडं घेऊन झोपलेला आणि बैल आपले आपण चाललेले. माझे वडील असेच झोपायचे. आत यार्डात जायला परवानगी लागते, बाहेर रस्त्यावर कोणी अडवत नाही. ट्रॅक्टरपासून जपा, दोन ट्रॉल्या असतात मागं आणि ब्रेक देवाच्या हातात.

---

पीतांबर

सांगलीकरांतर्फे थोडक्यात. हळद जानेवारीअखेर जेमतेम सुरू होते, शिजवणं, वाळवणं आणि ड्रममध्ये घालून पॉलिश करणं याचा जोर फेब्रुवारी-मार्चला. तासगावचा बेदाणाही तसाच, द्राक्षं जाळीच्या मजल्यांवर पसरून सावलीत वाळवतात, बघण्यासारखं असतं पण तेही फेब्रुवारीनंतर. त्यामुळे या वेळी त्यामागे लागू नका. कृष्णेच्या घाटावर पहाटे धुकं मिळेल पण ते तुम्ही नको म्हटलंय, नुसतं धुकं म्हणजे पण सूर्यास्ताचाच भाऊ.

---

वऱ्हाडी_ठोकळा

अरे बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. सगळं लिहून घेतलंय. टेली घरी ठेवतो. मुकादमाचं_पोरगं, तुमचं दोनदा वाचलं. आमच्याकडं कापूस वेचणाऱ्या बायकांनाही किलोवर पैसे असतात आणि मी आजवर त्यांना "ताई इकडं बघा" किती वेळा म्हणालो असेन देव जाणे, हे डोक्यातच आलं नव्हतं कधी. येऊन सांगतो.

---

वऱ्हाडी_ठोकळा

आलो परत मंडळी. उशीर झाला लिहायला, लग्नाचे फोटो आधी द्या म्हणून सासरवाडीचा तगादा होता.

पहिल्या दिवशी कटिंग केली (जुना_रोल, न्हाव्याने मिशी विचारल्याशिवाय बारीक केली, बायको तुमच्यावर नाराज आहे). पण त्याच दुकानात एक काका भेटले, त्यांच्या साडूचं गुऱ्हाळ निघालं, पन्हाळ्याच्या बाजूला ओढ्याच्या काठी. गेलो. आल्या आल्या विचारलं, मामा आदण कधी उतरणार. गुळव्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "हे कुणी शिकवलं तुला?" पकडला गेलो. पण हसला, आणि मग चार तास मी तिथंच. गोळीचा क्षण पहिल्या आदणाला हुकला, मी लेन्स पुसत होतो. दुसऱ्या आदणाला मिळाला, पण थोडा हललाय. तरी ठेवलाय. तिसऱ्या आदणाच्या वेळी त्यांनी माझ्याच हातात चिपाड दिलं आणि ढकल म्हणाले, मग फोटो कुठले, भुवया भाजल्या.

वाडा मिळाला नाही, दोन सकाळी फिरलो, एका ठिकाणी नुसत्या लेंड्या आणि विझलेली चूल होती, आदल्या दिवशीच हलले म्हणे. वडगावच्या सोमवारच्या बाजारात मात्र टॉवेल बघितला! फोटोत टॉवेल आहे, एका व्यापाऱ्याचा चेहरा आहे, दुसऱ्याच्या चेहऱ्यापुढं नेमकी म्हैस आली. त्या म्हशीची नजर भारी आहे.

दूध संस्थेवर तीन संध्याकाळी उभा राहिलो. पहिल्या दिवशी सगळे कॅमेऱ्याकडं बघत होते, दुसऱ्या दिवशी एकानं विचारलं तुम्ही फॅट चेकिंगला आलाय का, तिसऱ्या दिवशी कोणी ढुंकूनही पाहिलं नाही आणि तेव्हाचे फोटो सगळ्यात बरे आलेत. एक छोटी मुलगी किटली दोन्ही हातांनी पोटाशी धरून आली होती, दूध सांडू नये म्हणून जीभ बाहेर काढून चालत होती, तो फोटो बायकोनं मोबाईलला वॉलपेपर लावलाय.

ऊसतोडीच्या फडात गेलो पण फार काढले नाहीत, मुकादमाला विचारून तासभर बसलो, मोळ्या भरताना थोडे काढले. संध्याकाळी पोरांनी घेरलं, सत्तर-ऐंशी फोटो फक्त पोरांचे.

आता खरी अडचण. आजीची_नात यांचं डोक्यात होतं म्हणून प्रिंट काढल्यात, पोस्टकार्ड साइज, एकूण एकेचाळीस. फडातल्या पोरांच्या प्रिंट मुकादमाकडं पाठवतो, त्याचा पत्ता नीट आहे. दूध संस्थेच्या संस्थेतच. पण गुळव्या मामांचा पत्ता विचारला तर ते म्हणाले "नुसतं गुळव्या मामा, ओढ्याकडचं गुऱ्हाळ असं लिही, पोचतंय." तेवढंच लिहून आणलंय, पिनकोड नाही. पंचगंगाकाठ, गावाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय, पिनकोड बघून सांगाल का?

---

पंचगंगाकाठ

व्यनि बघितला. अहो ते गाव माझ्या आत्याचं! पिनकोड कशाला, पाकीट माझ्याकडं पाठवा, येत्या रविवारी तिकडंच चाललोय, हातात देतो. मार्चपर्यंत गुऱ्हाळ चालू असतंय, मामा तिथंच सापडतील. हललेला फोटोबी घाला त्यात.

काकवी नेली का? आणि बॅगेत सांडली नाही ना?

---

वऱ्हाडी_ठोकळा

सांडली. टेली घरी ठेवली होती म्हणून वाचली, पन्नास एमएमची रिंग आता फिरताना कुरकुरते.

---

जुना_रोल

कोमट पाणी, ओलं कापड, थेंब थेंब. मुंग्या लागायच्या आत.